फिफ्थ व्हीलसाठी हलका हिच: पाठ वाचवू की केबिनची काच?

भटक्या_डल्लासकर

मंडळी, पाककृती आणि व्हिसा यांच्या गर्दीत हा धागा कुठे टाकावा ते कळेना, म्हणून 'भटकंती'त टाकतोय. अमेरिका-कॅनडात आरव्ही (चाकांवरचं फिरतं घर) ओढणारे आपले बरेच लोक इथे आहेत, हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे.

गाडी २०१९ ची फोर्ड एफ-२५०, डिझेल, क्रू कॅब, पावणेसात फुटी बेड (मागचा हौदा). हिचची (ट्रेलर जोडायच्या सांगाड्याची) तयारी फॅक्टरीतूनच आहे, म्हणजे बेडच्या मधोमध गूजनेक बॉलचं (ट्रेलर अडकवायच्या लोखंडी गोळ्याचं) भोक आणि भोवती चार पक (हिच अडकवायच्या खाचा). ट्रेलर २९ फुटी फिफ्थ व्हील, जीव्हीडब्ल्यूआर (सामानासकट कमाल वजनाची मर्यादा) १०,००० पौंड, सेकंडहँड. आधीच्या मालकाने ट्रेलरबरोबर त्याचा स्लायडर (मागेपुढे सरकणारा) हिचही देऊन टाकला. तेव्हा वाटलं लॉटरी लागली. आता कळतंय त्याने तो इतक्या आनंदाने का दिला. अस्सल लोखंड आहे, २२० पौंड!

ट्रक काही फक्त ट्रेलर ओढायला नाही. शनिवारी मल्च (बागेत पसरायचा भुसा) आणायचं असतं, गणपतीत मंडळाचं डेकोरेशन वाहायचं असतं. दर वेळी हा हिच काढायला दोन माणसं लागतात. शेजारचा पटेल आणि मी मिळून काढतो. पटेलला आता स्लिप डिस्क झालाय (हिचमुळे नाही, बॅडमिंटनमुळे).

तर प्रश्न असा की एकट्याने उचलता येईल असा हलका हिच कोण वापरतंय? अँडरसन कंपनीच्या हिचबद्दल फार ऐकतोय. शिवाय हिच हलका घेतला की पेलोडही (ट्रकला पाठीवर घेता येणारं वजन) वाचेल ना? डीलरला विचारलं, तो म्हणतो "या ट्रकने घर ओढाल." घर नकोय, ट्रेलरच ओढायचाय.

पिठलंभाकरी

वाचतेय. काहीही कळलेलं नाही, पण वाचतेय. स्लायडर, पक, गूजनेक... कुणीतरी आमच्यासारख्या सामान्य प्रजेसाठी दोन ओळी लिहा की.

कळंबोलीकर

मी लिहितो. ताई, जेएनपीटीचे कंटेनर बघितलेत ना, पळस्पे फाट्यावर रांगेत उभे असतात? पुढचं इंजिनवालं धूड म्हणजे घोडा. घोड्याच्या पाठीवर काळीकुट्ट, ग्रीसने माखलेली गोल प्लेट असते आणि तिला मागच्या बाजूने खाच असते. ट्रेलरच्या पोटाखाली एक जाड खुंटी असते, ती किंगपिन. घोडा रिव्हर्स मारत ट्रेलरखाली शिरला की खुंटी खाचेत जाते आणि आतले जबडे तिला धरतात. प्लेटीला फिफ्थ व्हील म्हणायचं, आणि तिच्यावर बसणाऱ्या आरव्ही ट्रेलरलाही. यांच्या आरव्हीमध्ये तोच प्रकार छोट्या पिकअपच्या हौद्यात बसवलेला असतो. पिनसुद्धा तीच, दोन इंची. आपल्याकडे ५० मिमी म्हणतात.

फरक इतकाच की आमच्या घोड्यावरची प्लेट एकदा बोल्ट मारून बसवली की गाडी भंगारात जाईपर्यंत तिथेच राहते. वजन दीडशे किलोच्या आसपास, पण ती उचलायची वेळ कुणावर येत नाही. घोडा मल्च आणायला जात नाही.

पिठलंभाकरी

आत्ता डोक्यात प्रकाश पडला. धन्यवाद दादा. म्हणजे ट्रेलरचं नाक ट्रकच्या मागे नसतं, ट्रकच्या हौद्यावर चढलेलं असतं.

नटबोल्ट

अगदी बरोबर, आणि सगळा खेळ तिथेच आहे. बंपरला लावलेल्या ट्रेलरचा साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर येतो. फिफ्थ व्हीलचा २० टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहून जास्त, आणि तो थेट मागच्या अ‍ॅक्सलच्या डोक्यावर. म्हणून ओढताना गाडी डुलत नाही. पण त्याच कारणाने पेलोड भराभर संपतो.

धागाकर्त्याला एक विचारायचंय. तुमच्याकडे स्लायडर का आहे ते ठाऊक आहे का? पावणेसात फुटी बेड म्हणजे शॉर्ट बेड. त्यात मागच्या अ‍ॅक्सलपासून केबिनपर्यंत ४० इंचांच्या आसपासच जागा मिळते. आठ फुटी बेडमध्ये ५६ मिळते. ट्रेलरची रुंदी ९६ इंच असेल तर मधल्या पिनपासून कोपऱ्यापर्यंत ४८, १०२ असेल तर ५१. आता ९० अंशांत वळवून मागे घ्या. नाकाचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेतून आत येऊन बसेल. हे टाळायला स्लायडर असतो. वळण्याआधी हिच दहाएक इंच मागे सरकवायचा.

हलके हिच जवळजवळ सगळे फिक्स्ड असतात. वजन कमी करताना आधी सरकायची यंत्रणाच जाते. तेव्हा हिच किती पौंडांचा, हा प्रश्न नंतर. आधी ट्रेलरचं नाक कसं आहे ते सांगा. कोपरे चौकोनी आहेत की कापलेले?

भटक्या_डल्लासकर

कापलेले वाटतात. पुढून गोलाकार आहे आणि दोन्ही बाजूंना आत गेलेलं आहे. फोटो टाकला असता, पण इथे फोटो चढवणं ही स्वतंत्र तपश्चर्या आहे.

रॉकीतली_रमा

आले! हा माझा धागा आहे. :)

मी अँडरसनवाली. कोलोरॅडोत राहते, बराच प्रवास एकटीने किंवा मुलीबरोबर असतो, त्यामुळे माझ्या निवडीत "दोन माणसं" हा पर्यायच नव्हता. अ‍ॅल्युमिनियमचा अँडरसन चाळीस पौंडांच्या आतबाहेर आहे. टेलगेट उघडते, वाकते, कडेवर घेतल्यासारखा उचलते आणि गॅरेजच्या भिंतीला लावून ठेवते. कंपनीचं रेटिंग २४,००० पौंड ट्रेलर आणि ४,५०० पौंड पिन वेट (पिनवरून ट्रकवर येणारा भार). आपल्यासारख्यांच्या ट्रेलरला पुरून उरतं.

रचना नेहमीपेक्षा उलटी आहे, ती नीट समजून घ्या. ट्रकच्या बेडमध्ये प्लेट नसते आणि जबडेही नसतात. अ‍ॅल्युमिनियमचा एक पिरॅमिड असतो आणि त्याच्या टोकावर बॉल. हा पिरॅमिड बेडच्या मधल्या गूजनेक बॉलला एकाच बोल्टने खाली खेचून घट्ट बसवायचा. दुसरा भाग ट्रेलरवर जातो. किंगपिनला एक अडॅप्टर आवळून लावायचा, त्याला खालून नरसाळं असतं. ते अडॅप्टर कायम तिथेच राहतं.

जोडताना मी काय करते ते सांगते. ट्रेलरचं नाक लँडिंग गिअरने (ट्रेलरच्या पुढच्या पायांनी) नेहमीपेक्षा वर घेते, कारण नरसाळं बॉलवरून जायला हवं. अडॅप्टर खाली लोंबत असल्यामुळे टेलगेटही बघावं लागतं. बॉल नरसाळ्याखाली आला की ट्रक थांबवते, उतरते, टायरवर पाय ठेवून कडेने बघते. मग हळूहळू नाक खाली. नरसाळं बॉलला स्वतःकडे ओढून घेतं, इंच-दीड इंच इकडेतिकडे असलं तरी खपतं. खाली पूर्ण बसलं की बाजूचा लॉक बंद, त्यात पिन, पिनला कुलूप. कॅम्पसाइटची जमीन तिरपी असली तरी बॉलला काही फरक पडत नाही. साध्या प्लेटवाल्या हिचबरोबर अशा जागी मी लोकांना घाम गाळताना पाहिलंय.

ग्रीस अजिबात नाही. पांढरी जीन्स घालून हिच करणारी या खंडावर मीच असेन.

अल्बर्टाकाका

रमाताई, लिहिलंय छान. तरी मी विरुद्ध बाजूने बोलणार, कारण या धाग्यावर कुणीतरी बोलायला हवं.

मला जबडे दिसायला हवेत. साध्या फिफ्थ व्हील हिचमध्ये टॉर्च मारून आत बघितलं की दोन जबडे पिनभोवती मिटलेले दिसतात, हँडल जागेवर दिसतं. अँडरसनमध्ये बॉल नरसाळ्याच्या पोटात. तिथे लॉकच्या स्थितीवर विसंबून राहावं लागतं. दुसरं, ट्रेलरच्या पिनला तुम्ही कायमचा अडॅप्टर लावलात. रस्त्यात ट्रक बंद पडला आणि ट्रेलर दुसऱ्या ट्रकने हलवायचा झाला, किंवा वर्कशॉपवाल्याला त्याच्या यार्डात फिरवायचा झाला, तर त्याच्या साध्या हिचमध्ये तुमची पिन जाणार नाही. आधी अडॅप्टर सोडवा. रात्री, पावसात, हायवेच्या कडेला.

माझ्याकडे बी अँड डब्ल्यू कंपॅनियन आहे. हा हलका नाही हे आधीच कबूल. पण दोन तुकड्यांत निघतो, खालचा सांगाडा वेगळा आणि वरचं डोकं वेगळं. तोही मधल्या गूजनेक भोकातच बसतो, बेडला बोल्ट मारलेले वेगळे रेल नकोत. काढला की बेड सपाट. एक एक तुकडा मी या वयातही काढतो, बायकोची बोलणी खात.

आणि पेलोडबद्दल. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून अमुक इतक्या वजनाच्या वर जाऊ नये असं त्यावर लिहिलेलं असतं. तो आकडा तुमच्या ट्रकचा, ब्रोशरमधला नाही. डीलर घर ओढायला सांगेल, स्टिकर सांगणार नाही. आकडा लिहा आणि मग कॅट स्केलवर जा. हिचचा निर्णय त्याच्या आधी घेऊ नका.

कळंबोलीकर

काका, वजनकाट्याचं ऐकून बरं वाटलं. तिकडे लोक आपणहून काट्यावर जातात?

अल्बर्टाकाका

जातात हो. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर असतो. तीन वेगळ्या प्लॅटफॉर्मवर पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर यांचं वजन एकाच पावतीवर मिळतं. एकदा ट्रेलर जोडून करायचं, एकदा सोडून. दोन्ही वेळच्या ट्रकच्या वजनांतला फरक म्हणजे तुमचा खरा पिन वेट.

भटक्या_डल्लासकर

जाऊन आलो. पावती समोर ठेवून लिहितोय. आम्ही चौघे गाडीत, टाकी पूर्ण भरलेली, ट्रेलर नेहमीसारखा भरलेला.

ट्रेलर जोडून: पुढचा अ‍ॅक्सल ४,८२०, मागचा ५,३३०, ट्रेलरची चाकं ७,३५०.
ट्रेलर सोडून: पुढचा ४,७८०, मागचा ३,४२०.

पिवळ्या स्टिकरवर २,५४० पौंड. ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर १०,०००.

नटबोल्ट

छान, आता अंदाजांची गरज नाही. जोडून ट्रक १०,१५०, सोडून ८,२००. पिन वेट १,९५०. ट्रेलरचं एकूण वजन ९,३००, म्हणजे पिनवर २१ टक्के. अगदी पुस्तकी फिफ्थ व्हील. ब्रोशरमध्ये बहुधा १,५०० च्या आसपास लिहिलं असेल. तो कोऱ्या ट्रेलरचा आकडा, बॅटरी, गॅस आणि संसार वगळून.

मागचा अ‍ॅक्सल त्याच्या मर्यादेच्या आत असणार, स्टिकरवर बघून खात्री करा. पण एकूण ट्रक १५० पौंडांनी जास्त आहे.

स्टिकरच्या बाजूने हिशोब केला तरी उत्तर तेच. २,५४० मधून २२० चा हिच आणि तुम्ही चौघे अधिक किडूकमिडूक मिळून ५२० वजा करा. पिनला उरले १,८००. पिन आहे १,९५०.

त्याच्या जागी ४० पौंडांचा हिच आला तर १८० वाचतील. कागदावर तुम्ही ३० पौंडांनी पास. पण अडॅप्टर ट्रेलरच्या पिनवर बसणार, त्याचं वजन पिन वेटमध्येच मिळणार. ३० पौंड तिथेच खर्ची पडले समजा. म्हणजे हलका हिच घेऊन तुम्ही फार तर काठावर याल. सासूबाई बसल्या की पुन्हा पलीकडे.

पिठलंभाकरी

सासूबाईंचं वजन स्टिकरवर धरतात का? एक निरागस प्रश्न.

नटबोल्ट

चालकापासून सगळ्यांचं धरतात. त्यांना आकडा विचारायची जबाबदारी माझी नाही.

रॉकीतली_रमा

नटबोल्टदादांना अनुमोदन. मी अँडरसनची भक्त असले तरी तो पेलोडसाठी घेतलेला नाही, पाठीसाठी घेतलाय. पेलोड वाचवायचा तर ट्रेलरच्या पुढच्या डिकीकडे बघा. डल्लासकर, खरं सांगा, पुढच्या बेसमेंटमध्ये काय काय आहे?

भटक्या_डल्लासकर

जनरेटर. गॅसचे दोन सिलिंडर. दोन लेड बॅटऱ्या. हत्यारांची पेटी. पाण्याच्या बाटल्यांचे दोन क्रेट. फोल्डिंग खुर्च्या. वीस पौंडांचं बासमतीचं पोतं. कणीक. मोठा कुकर आणि लहान कुकर. आणि, हसू नका, पाटा-वरवंटा.

पिठलंभाकरी

पाटा-वरवंटा!!! धागा वाचनखुणांत साठवला.

भटक्या_डल्लासकर

बायकोचं म्हणणं, कॅम्पफायरजवळ ठेचा मिक्सरमधला खायचा असेल तर घरीच बसा. यावर माझ्याकडे तांत्रिक उत्तर नाही.

रॉकीतली_रमा

ठेचा राहू द्या, पाटा मागे न्या. :) अ‍ॅक्सलच्या पुढे ठेवलेल्या प्रत्येक वस्तूचा काही हिस्सा पिनवर जातो. ती वस्तू अ‍ॅक्सलच्या वर किंवा थोडी मागे नेली की पिन हलकी होते. मात्र सगळंच मागे ढकलू नका, पिन १५ टक्क्यांच्या खाली जायला नको. तुम्हाला २१ वरून १९ वर आलात तरी पावणेदोनशे-दोनशे पौंड मिळतात. हिच बदलून मिळतात तेवढेच, आणि फुकट.

पाण्याची टाकी कुठे आहे तेही बघा. गॅलनला ८.३ पौंड. पन्नास गॅलन म्हणजे चारशे पौंडांहून जास्त. टाकी अ‍ॅक्सलच्या पुढे असेल आणि तुम्ही घरून भरून निघत असाल, तर त्यातला मोठा हिस्सा पिनवर आलेला आहे. जिथे नळ आहे अशा कॅम्पग्राउंडला जाताना रिकामी न्या. दोन लेड बॅटऱ्या काढून एक लिथियम घातलीत तरी नाकावरून चांगलं वजन उतरेल. खर्च आहे, पण तो हिचवरही करणारच होतात.

अल्बर्टाकाका

किंवा ट्रक बदला. तीच गाडी एफ-३५० मध्ये घेतली असती तर जीव्हीडब्ल्यूआर साडेअकरा हजारांपर्यंत मिळाला असता. डिझेल इंजिन जड, मर्यादा १०,००० वर बांधलेली. पाऊण टनी (एफ-२५० च्या वर्गातल्या) डिझेल ट्रकचं हे जुनंच दुखणं आहे. ओढायला ताकद भरपूर, पाठीवर घ्यायला जागा नाही.

भटक्या_डल्लासकर

काका, ट्रकचे हप्ते आहेत अजून. ट्रक बदलला तर ट्रेलरमध्येच राहावं लागेल.

सॅनहोजेवासी

ट्रेलर बघायच्या तयारीत असलेल्या आमच्यासारख्यांसाठी एक भर. कॅलिफोर्नियात फिफ्थ व्हीलचा जीव्हीडब्ल्यूआर १०,००० च्या वर गेला की साध्या क्लास सी लायसन्सवर वेगळं एंडोर्समेंट लागतं, आणि १५,००० च्या वर नॉन-कमर्शियल क्लास ए. डल्लासकरांचा बरोबर १०,००० आहे म्हणून ते सुटले असते. आता माझा प्रश्न. अँडरसन नको असेल तर हलक्यात दुसरं काय आहे? आणि गूजनेकवाला अडॅप्टर लावला तर ट्रेलरच्या फ्रेमची वॉरंटी जाते असं वाचलं, ते खरं का?

नटबोल्ट

नावं घ्यायची तर पुलराइटचा सुपरलाइट आणि कर्टचा क्रॉसविंग. दोन्ही गूजनेक बॉलवरच बसवता येतात. अँडरसनइतके हलके नाहीत, पण ट्रेलरच्या पिनला हात लावावा लागत नाही. काकांची अडॅप्टरवाली तक्रार तिथे मिटते.

तिसरी वाट रीसच्या गूज बॉक्सची. ट्रेलरचा पिन बॉक्सच (ज्याला किंगपिन असते तो पुढचा भाग) काढून टाकायचा आणि हा लावायचा. तो थेट बेडमधल्या गूजनेक बॉलवर बसतो. ट्रकमध्ये हिच नावाची वस्तूच उरत नाही, फक्त बॉल. पाठीला याहून सुख नाही. पण लोखंड हवेत विरत नाही, ते ट्रेलरच्या नाकावर गेलं. पिन वेट तेवढा वाढला. ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलला ते हिचमधून आलं की पिनमधून, काही देणंघेणं नाही.

वॉरंटीचं खरं आहे, पण कुठला अडॅप्टर यावर अवलंबून. लांबलचक गूजनेक अडॅप्टर किंगपिनपासून थेट बेडच्या तळापर्यंत जातात, फूट-दीड फूट खाली. ब्रेक मारला की ट्रेलरचा सगळा जोर त्या लांब दांड्याच्या खालच्या टोकाला लागतो आणि दांडा वरच्या फ्रेमला पिळतो. फ्रेमचे वेल्ड तिथेच उकलतात. म्हणून लिपर्टसारखे फ्रेमवाले अशा लांब अडॅप्टरना नाही म्हणतात. अँडरसनमध्ये बॉलच वर आणलाय, पिन बॉक्सच्या तळाला जवळजवळ खेटून. दांडा जेमतेम उरतो. तरी ट्रेलर नवा असेल तर फ्रेमवाल्याकडून लेखी घ्या, फोनवरच्या "हो हो"वर जाऊ नका.

कळंबोलीकर

हिच कुठलाही घ्या, पण आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. पिन जबड्याच्या वर बसते. ड्रायव्हरला वाटतं लागली. ट्रेलर थोडा जास्त उंच असला की पिन खाचेत न जाता प्लेटीच्या तोंडावर टेकते, वजनाने तिथेच राहते, आणि गाडी सिग्नलवरून उचलली की ट्रेलर खाली. आमच्याकडे तो रस्त्यावर बसतो, तुमच्याकडे ट्रकच्या हौद्याच्या कडांवर बसेल. दोन्ही बाजूंचा पत्रा गेला.

म्हणून पाय वर घ्यायच्या आधी ओढून बघायचं. लँडिंगचे पाय जमिनीला जेमतेम टेकलेले, ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबून धरलेले, आणि ट्रक पुढे रेटायचा. हलला नाही तरच पाय वर. आमचा क्लीनर हे झोपेतही करतो.

अल्बर्टाकाका

कळंबोलीकर, अगदी हेच. त्यात भर म्हणजे ब्रेकअवे केबल ट्रकच्या बेडला अडकवा, हिचला नाही. हिचसकट सुटलं तर केबल ताणली जाणार नाही आणि ट्रेलरचे ब्रेक लागणार नाहीत. आणि रमाताई, बॉलवाल्या जोडणीला साखळ्यांचं काय करता? किंगपिनच्या हिचला सहसा लागत नाहीत, पण गूजनेक बॉलला अनेक राज्यांत बंधनकारक आहेत.

रॉकीतली_रमा

लावते. अँडरसन कुठल्या गटात मोडतो यावर लोक तासन्‌तास भांडतात. मला हायवेच्या कडेला पोलिसाशी भांडायचं नाही. दोन साखळ्या, अर्ध्या मिनिटाचं काम.

नटबोल्ट

डल्लासकर, वळणाचं अजून बाकी आहे. नवीन हिच घेण्याआधी एक फुकट चाचणी करा. तुमचा स्लायडर पुढच्या, म्हणजे ओढायच्या जागी लॉक करून ठेवा. तो आता फिक्स्ड हिचसारखाच झाला. रिकामं पार्किंग शोधा आणि मागे घेत वळवत जा. बाहेर कुणीतरी टेप घेऊन उभं राहू दे, प्रत्येक थोड्या कोनाला थांबून कोपरा आणि काच यांतलं अंतर मोजा. चार इंच उरले की थांबा. जमीन सपाट असू दे, आणि लक्षात ठेवा की प्रत्यक्षात ट्रक खड्ड्यात आणि ट्रेलर चढावर असला तर वरचा कोपरा आणखी पुढे झुकतो.

भटक्या_डल्लासकर

रविवारी सकाळी शाळेच्या पार्किंगमध्ये केलं. बायको टेप घेऊन, मुलगा व्हिडिओ घेत, मुलगी "बाबा थांबा" ओरडायला. साधारण ८० अंशांना चार इंच उरले, तिथे थांबलो. कॅम्पग्राउंडमध्ये आजवर इतकं वळवायची वेळ क्वचितच आली आहे.

रमाताई, अँडरसनचं अडॅप्टर उलटसुलट लावून काही इंच मिळतात म्हणे?

रॉकीतली_रमा

हो. नरसाळं किंगपिनच्या पुढे येईल असं लावा, केबिनच्या दिशेने. बॉल ट्रकमध्ये जागेवरच राहतो, त्यामुळे ट्रेलर तेवढाच मागे सरकतो. शॉर्ट बेडवाले असंच लावतात. बसवताना अडॅप्टर पिन बॉक्सच्या तळाच्या पत्र्याला नीट टेकलेला हवा, आणि तिरका नको.

बसवल्यावर उंचीही मोजा. हौद्याची कड आणि वरचं ट्रेलरचं पोट यांत किमान साडेपाच-सहा इंच हवेत. ट्रेलर जमिनीला समांतर दिसण्यासाठी लोक बॉल खाली घेतात आणि पहिल्याच ओबडधोबड ड्राइव्हवेवर कडा चेपतात.

भटक्या_डल्लासकर

ठरलं तर. अ‍ॅल्युमिनियमचा अँडरसन मागवतोय. जनरेटर आणि पेटी मागे, पाण्याचे क्रेट बंद, टाकी रिकामी, लिथियमचं दिवाळीच्या बोनसनंतर बघू. हे सगळं करून पुन्हा काट्यावर जाईन आणि आकडे इथे टाकेन. काका, तुमचं जबड्याचं म्हणणं पटलंय, पण २२० पौंडही पटलेत.

अल्बर्टाकाका

टाका. नवीन आकडे ९,९०० च्या खाली आले तर मी बोलणार नाही. मागच्या टायरमधली हवाही दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा, अंदाजाने नको. उन्हाळ्यात रॅटन पासवरून कोलोरॅडोत जाणार असाल तर तिथे टायर आणि ब्रेक दोन्ही कळतात.

भटक्या_डल्लासकर

जुना स्लायडर द्यायचाय. डल्लासजवळ कुणाचा शॉर्ट बेड आणि चौकोनी नाकाचा ट्रेलर असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, स्वस्तात देतो. उचलायला दोघे या.

एक शेवटचं. बेडमध्ये प्लास्टिकचा ड्रॉप-इन लायनर आहे. पिरॅमिड त्याच्यावर ठेवला तर चालेल?

रॉकीतली_रमा

नाही! लायनर दबतो, सरकतो, आणि बोल्ट सैल पडतो. पायाच्या मापाने कापा किंवा काढून टाका, हिच बेडच्या पत्र्यावरच बसला पाहिजे. फवारलेला लायनर असता तर चाललं असतं. पहिल्या शंभरेक मैलांनंतर थांबून टॉर्क रेंचने तो मधला बोल्ट पुन्हा तपासा. आकडा कंपनीच्या पुस्तिकेतला घ्या, इथल्या कुणाचा नाही. माझाही नाही.